एच-फोर व्हिसावर कॉलेजचे अर्ज भरताना

अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांचे अर्ज ‘कॉमन अ‍ॅप’ नावाच्या एकाच संकेतस्थळावरून जातात. त्यात अभ्यासाशिवाय काय केलं हे सांगायला दहा ओळी असतात. तुमची भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत आणि प्रत्यक्ष काम १५० अक्षरांत लिहायचं. शब्द नव्हे, अक्षरं. मधली मोकळी जागासुद्धा मोजतात. शिवाय आठवड्याचे किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, तेही भरायचं. दरवर्षी १ ऑगस्टला हा फॉर्म नव्याने उघडतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये मी तो उघडला, सहा ओळी भरल्या आणि अडकले. गणिताचा क्लब, ग्रंथालयात लहान मुलांना वाचून दाखवणं, शाळेचा वाद्यवृंद, आणखी दोन-तीन गोष्टी. सातवीपासून या देशात शिकत होते, वर्गात बरी होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं त्या दिवशी मला खरोखर वाटलं.

त्यामागे एक कारण होतं. आम्ही २०१८ साली इथे आलो. बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मी एच-फोरवर. एच-फोर म्हणजे अवलंबित कुटुंबीयांचा व्हिसा. त्यावर शाळेत जाता येतं, कॉलेजात जाता येतं, पण मुलांना पगारी काम करता येत नाही. उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणी तरणतलावावर जीवरक्षक म्हणून, आइस्क्रीमच्या दुकानात, कुणाच्या तरी ऑफिसात कामाला लागायच्या. फॉर्ममध्ये त्यासाठी ‘पगारी काम’ असा वेगळा प्रकारच आहे. माझ्यासाठी तो बंद होता. नासाच्या इंटर्नशिपला अर्ज करायचं दहावीत ठरवलं, तर पहिलीच अट अमेरिकी नागरिकत्वाची. अशा दोन-तीन गोष्टींनंतर मी आधी अटी वाचायला आणि मग स्वप्न बघायला शिकले. नववी-दहावीतल्या मुलांना मी आजही हेच सांगते: उन्हाळी कार्यक्रमांच्या पानावर सगळ्यात आधी पात्रता बघा. त्यात नाराज होण्यासारखं काही नाही; वेळ वाचतो.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या भागाची माहिती सगळीकडे मिळते. कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी ही परीक्षा मी मार्च २०२३मध्ये दिली. तेव्हा अमेरिकेत ती कागदावरच होत होती. पुढच्या मार्चपासून ती संगणकावर गेली आणि तीन तासांवरून सव्वादोन तासांपर्यंत खाली आली. मला १६००पैकी १४७० मिळाले. ऑगस्टमध्ये पुन्हा दिली, १५१०. त्या ४० गुणांसाठी मी अर्धा उन्हाळा घालवला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. २०२०पासून बऱ्याच कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली होती आणि कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर गुण बघतच नव्हती. एमआयटीने मात्र २०२२मध्ये सक्ती परत आणली. म्हणजे आपल्या यादीतल्या कॉलेजांना काय हवं आहे ते बघून मग दुसऱ्यांदा परीक्षेला बसायचं की नाही हे ठरवायला हवं होतं. मी यादी न करताच परीक्षेला बसले.

माझ्या मते शाळेतले विषय निवडणं हे त्याहून महत्त्वाचं होतं, आणि तो निर्णय फार लवकर होतो. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर आठवीतच अल्जेब्रा झालेला असावा लागतो, कारण मधे भूमिती, अल्जेब्रा-दोन आणि प्रीकॅल्क्युलस अशी रांग असते. इथे आल्यावर सातवीत मला साध्या गणिताच्या वर्गात टाकलं होतं. बाबा माझं जुनं प्रगतिपुस्तक घेऊन शाळेत गेले, म्हणाले, “हिची परीक्षा घ्या आणि मग ठरवा.” इंग्रजी बोलायला ते तेव्हा संकोचायचे, तरी गेले. त्या अर्ध्या तासाच्या भेटीने माझी पुढची पाच वर्षं बदलली. कॉलेजची तयारी कधी सुरू झाली असं मला कुणी विचारलं तर मी तो दिवस सांगते.

शिफारसपत्रांसाठी अकरावीच्या मे महिन्यातच विचारायचं असतं, कारण शिक्षक उन्हाळ्यात लिहितात आणि चांगल्या शिक्षकांकडे रांग लागते. मी रसायनशास्त्राच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना विचारलं. रसायनशास्त्रात माझा पहिला सहामाही निकाल बी होता, म्हणून मैत्रिणी म्हणाल्या, “त्यांना कशाला विचारतेस?” पण मी त्यांच्याकडे दर मंगळवारी शाळा सुटल्यावर जाऊन बसायची, तेही फक्त वीस मिनिटं, कारण मला घरी पोचायचं असायचं. त्यांनी मला एक कागद दिला, त्यावर चारच प्रश्न. त्यातला एक: ‘माझ्या वर्गात तू कुठे अडलीस आणि मग काय केलंस?’ त्याचं उत्तर लिहिताना पहिल्यांदा मला उमगलं की या लोकांना मार्कांच्या पलीकडचं काहीतरी ऐकायचं आहे. ते पत्र मी वाचलेलं नाही. पत्र बघण्याचा हक्क सोडल्याचं आधीच सही करून सांगता येतं, म्हणजे शिक्षक मोकळेपणाने लिहितात. सही करताना आई जरा बिचकली होती. मी नाही बिचकले.

आता त्या दहा ओळींकडे येते.

सरकारी शाळेतल्या कौन्सेलरकडे, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या व्यक्तीकडे, शेकडो मुलं असतात. आमच्या कौन्सेलर बाईंशी चार वर्षांत माझं जेमतेम तीनदा बोलणं झालं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी माझी यादी वाचली आणि विचारलं, “शाळा तीनला सुटते. तीन ते साडेसहा तू कुठे असतेस? कुठल्याच क्लबमध्ये दुपारचं तुझं नाव नाही.”

मी म्हटलं, “घरी. भावाजवळ.”

माझा धाकटा भाऊ २०१९ साली इथे जन्मला. दोन वर्षांचा झाला तरी तो मोजून पाचसहा शब्द बोलायचा. इथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्यानेच एक सेवा आहे. त्यातून तपासणी झाली आणि स्पीच थेरपी सुरू झाली. २०२१ चालू होतं, साथीचे दिवस, म्हणून थेरपिस्ट पडद्यावरून यायच्या. बाबा मीटिंगमध्ये. आईला एच-फोरवाल्या जोडीदारांसाठीचा कामाचा परवाना मिळाला होता आणि ती नुकतीच कामाला लागली होती. मी नववीत, माझी शाळाही पडद्यावर. त्यामुळे भावाला मांडीवर घेऊन थेरपिस्टसमोर बसायचं काम माझ्याकडे आलं, आणि शाळा पुन्हा प्रत्यक्ष भरायला लागल्यावरही दुपारचे साडेतीन तास माझ्याकडेच राहिले. पुढे तो शाळेच्या बालवर्गात जायला लागला, तेव्हा त्याला बसथांब्यावरून आणणं, खाऊ देणं, त्याचे सराव घेणं हे सगळं ओघाने आलं. हे कुणी मला ‘दिलेलं’ काम नव्हतं. घरात जे असतं ते असतं.

बाईंनी माझ्या फॉर्ममध्ये प्रकारांची यादी उघडली आणि खाली सरकवत एका ओळीवर बोट ठेवलं: ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’. कौटुंबिक जबाबदाऱ्या. म्हणजे हे फॉर्ममध्ये होतंच. मी ती यादी वीस वेळा उघडली होती आणि तो शब्द मला दिसला नव्हता. त्यांनी तासांचा रकाना भरायला सांगितला. आठवड्याचे १५ तास, वर्षाचे ५० आठवडे, चारही इयत्ता. माझ्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही ओळीत ३-४ तासांच्या वर आकडा नव्हता.

त्या रात्री घरी हे सांगितलं तेव्हा बाबा गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, भावाला सांभाळलं हे लिहायचं असतं का? त्यांना वाटेल आम्ही तुला कामाला जुंपलं.” आईला वेगळंच वाटत होतं. तिला वाईट वाटत होतं की ते खरं आहे. ओळखीच्या एका काकूंनी फोनवर सांगितलं की त्यांच्या मुलीने गरजूंसाठी संस्था काढली आहे, तसलं काहीतरी हवं, घरचं काय घालायचं. मला दोन दिवस काही सुचेना. आपल्याकडे घरच्या माणसासाठी केलेलं मोजायचं नसतं. मोजलं की त्याची किंमत कमी होते, असं मलाही आतून वाटतच होतं. पण फॉर्म मला असं विचारत नव्हता की तू उपकार केलेस का. तो विचारत होता की तुझा वेळ कुठे गेला. या प्रश्नाला माझं खरं उत्तर एकच होतं. मी बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, “मग खरं तेच लिही. पण वाढवून लिहू नकोस.”

दीडशे अक्षरांत जे बसलं ते असं होतं: रोज भावाला सांभाळते, स्पीच थेरपिस्टसोबत सराव घेते, त्याचे नवे शब्द तारखेसह नोंदवते, मराठी ध्वनींचा तक्ता तयार केला. कॉमन अ‍ॅप सांगतं की ओळी महत्त्वाच्या क्रमाने लावा. ती ओळ मी पहिली ठेवली.

निबंधाचीही अशीच गत झाली. कमाल ६५० शब्द, किमान २५०, सात विषयांतला एक. जूनमध्ये मी पहिला मसुदा लिहिला तो विमानतळाचा: नवा देश, नवी भाषा, एकटेपणा, मग हळूहळू रुळणं. लिहिताना मला रडू आलं होतं, म्हणून तो चांगला असणार असं मी धरून चालले. इंग्रजीच्या शिक्षकांनी तो वाचला आणि फार मायेने म्हणाले, “हे सगळं खरं आहे हे मला कळतं. पण यातलं एकही वाक्य असं नाही जे फक्त तूच लिहू शकली असतीस.” मी चार दिवस फाइल उघडली नाही. पाचव्या दिवशी उघडून सगळं पुसलं.

तक्त्याची गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकांनीच माझ्याकडून काढून घेतली. झालं होतं असं की थेरपिस्टकडे ध्वनींचा एक तक्ता होता, कोणता ध्वनी मूल साधारण केव्हा बोलतं त्याचा, पण तो इंग्रजीचा. आमच्या घरात मराठी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं की दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही, मराठी अजिबात थांबवू नका. पण भाऊ ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो तेव्हा त्याला ल येतो याचा आनंद मानायचा की ळ येत नाही याची नोंद करायची, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या तक्त्यात ळ नव्हताच. ण नव्हता. ख, घ, ठ, ढ नव्हते.

मग मी त्यांना आपली वर्णमाला लिहून पाठवली. पहिलीत पाठ केलेली, क ख ग घ ङ, पाच ओळी पाच स्तंभ. लिहिता लिहिता मी प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून बघत होते, जीभ कुठे लागते ते बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की क-वर्ग घशाजवळ सुरू होतो आणि ओळीगणिक उच्चार पुढे पुढे सरकत प-वर्गाला ओठांवर येतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे शब्द आजीकडून ऐकले होते, पण ते तोंडातल्या जागांचे पत्ते आहेत हे मला कधी जाणवलं नव्हतं. थेरपिस्ट तो कागद बघून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ज्या क्रमाने आम्ही ध्वनी शिकतो त्याच क्रमाने हे आधीच मांडलेलं आहे.” पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं की च कुठला, चाकातला की चारमधला? कारण मी खाली टीप लिहिली होती की मराठीत एकाच च चे दोन उच्चार होतात. भावाला गाड्यांचं वेड. तो चाकाला ‘ताक’ म्हणायचा. त्या एका शब्दावर आम्ही तीन आठवडे काम केलं.

निबंध याच तक्त्यावर लिहायचा असं ठरलं आणि तेव्हाच मला भीती वाटली. ही भावाची गोष्ट होती. चार वर्षांच्या मुलाची परवानगी कशी घेणार? त्याची अडचण मी माझ्या प्रवेशासाठी वापरते आहे का? आईला विचारलं. ती भाजी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, “तो सतरा वर्षांचा होईल तेव्हा हे वाचेल असं धरून लिही.” मी त्या वाक्यावर मसुदा तपासला. डॉक्टर काय म्हणाले ते काढलं. आई एकदा रात्री रडली होती ते काढलं. तो काय बोलू शकत नव्हता याच्या सगळ्या याद्या काढल्या. उरला तो तक्ता, ळ, चाक, आणि पहिलीत पाठ केलेल्या गोष्टीकडे मी नवव्या इयत्तेत पहिल्यांदा नीट बघितलं ते. ५९० शब्द झाले. नववा मसुदा होता तो. पुढे मला काय शिकायचं आहे हेही त्याच मसुद्याने ठरवलं: भाषाशास्त्र. त्याआधी सगळ्यांना मी संगणकशास्त्र सांगायची, कारण विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं.

आता पैशांबद्दल. एच-फोरवाल्या घरांत यावर उघड बोललं जात नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज म्हणजे फाफ्सा. तो नागरिकांसाठी, ग्रीन कार्डधारकांसाठी आणि आणखी काही ठरावीक गटांसाठी आहे. एच-फोर त्यात बसत नाही. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज बाबांच्या कंपनीने केव्हाच केलेला आहे, पण कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातून सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्ड सहसा मिळत नाहीत आणि भारतीयांची रांग फार लांब आहे. माझा भाऊ इथे जन्मला म्हणून नागरिक. म्हणजे एकाच घरात, एकाच उत्पन्नावर, तो मोठा झाल्यावर फाफ्सा भरेल आणि मी भरू शकत नाही. हे कळलं त्या रात्री मला त्याचा नाही, पण कागदांचा खूप राग आला होता.

खासगी कॉलेजांची मदत वेगळी. ती कॉलेज स्वतःच्या निधीतून देतं आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज असतो, जो कोणालाही भरता येतो. पण मदतीच्या बाबतीत अनेक कॉलेजं एच-फोरच्या मुलांना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, मग तुम्ही इथल्याच शाळेतून आलेले का असेना. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मदत मागितली की त्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो. ज्यांच्याकडे तसा परिणाम होत नाही अशांत त्या वर्षी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही नावं होती, आणि तिथे प्रवेश मिळणं किती अवघड हे सांगायला नको. मी प्रत्येक कॉलेजला ईमेल करून दोनच गोष्टी विचारल्या: माझा मदतीचा अर्ज कोणत्या गटात वाचाल, आणि मदत मागितल्याने निर्णय बदलू शकतो का. उत्तरं सरळ आली. दोन नावं त्या उत्तरांनंतर यादीतून गेली. दुसऱ्या राज्यांतली सरकारी विद्यापीठंही गेली, कारण तिथे बाहेरच्या राज्याची फी आणि मदत जवळजवळ नाही. पंधरांची यादी नवांवर आली. ‘अर्ली डिसिजन’ मी केलं नाही. त्यात प्रवेश मिळाला तर जायचंच असं विद्यार्थी, पालक आणि कौन्सेलर तिघांच्या सह्यांनिशी कबूल करावं लागतं, आणि मदतीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय आमच्यासारख्यांना सोडून चालणार नव्हतं.

सीएसएस प्रोफाइल भरायला एक रविवार गेला. बाबा आणि मी टेबलाशी, समोर कराचे कागद. आमच्या घरात मुलांना पगार माहीत नसतो. त्या दिवशी मला तो कळला, बचत कळली, घराचं किती कर्ज बाकी आहे ते कळलं. बाबा प्रत्येक आकडा हळू आवाजात सांगत होते. शेवटी विशेष परिस्थिती लिहायला एक जागा असते. मी विचारलं, “आजी-आजोबांना तुम्ही दर महिन्याला पाठवता ते इथे लिहू?” बाबा म्हणाले, “आईवडिलांना पाठवतो तो खर्च नव्हे.” मी म्हटलं, “बाबा, खर्च नसेल पण तो पैसा आपल्याकडे राहत नाही ना?” ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच लॅपटॉप ओढून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या नाहीत.

अर्ज १ नोव्हेंबर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असे दोन टप्प्यांत गेले. मधल्या काळात प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली होती, आणि बऱ्याच कॉलेजांनी ‘तुम्ही कुठून आलात, त्याने तुम्हाला काय दिलं’ अशा धाटणीचे नवे प्रश्न घातले होते. त्यामुळे आधीच्या वर्षीच्या मुलांचे नमुने फारसे कामाला आले नाहीत. एक निबंध दुसरीकडे तसाच चिकटवायचा मोह मला दोनदा झाला. एकदा मी तो आवरला नाही, आणि त्या कॉलेजचा नकार आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.

डिसेंबरमध्ये एका ठिकाणी निर्णय पुढे ढकलला. मार्चच्या शेवटी चार नकार एकाच आठवड्यात. एक प्रतीक्षायादी. एका छोट्या खासगी कॉलेजने घेतलं, पण मदत इतकी कमी की बाबांनी आकडा वाचून कागद उलटा ठेवला. राज्यातल्या तिन्ही सरकारी विद्यापीठांनी घेतलं, त्यातल्या एकाने गुणवत्तेची शिष्यवृत्तीही दिली आणि तिथे भाषाशास्त्राचा चांगला विभाग होता. मला सांगायला हवं की मी दोन दिवस रडले. ज्या कॉलेजच्या फोटोवर वर्षभर नजर लावून बसले होते, तिथल्या नकाराचं पत्र चार ओळींचं होतं.

त्याच वसंतात माझ्या जवळच्या मैत्रिणीची, जी नागरिक आहे, वेगळीच तगमग चालली होती. फाफ्साचा नवा फॉर्म नेहमीच्या १ ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला आणि कॉलेजांना त्यातली माहिती मार्चमध्ये मिळायला लागली. तिची मदतीची पत्रं एप्रिल संपेपर्यंत येत राहिली. बऱ्याच कॉलेजांनी प्रवेश पक्का करायची १ मेची मुदत पुढे ढकलली. मी तिच्याकडे बसून तिची पत्रं लावून दिली. फक्त अनुदान आणि शिष्यवृत्ती फीमधून वजा करायची, कर्ज आणि काम करून मिळणारे पैसे नाहीत, हे मी माझ्या हिशेबात शिकले होते. पत्रांत सगळं एकाच बेरजेत दाखवलेलं असतं. जे पत्र सगळ्यात उदार वाटत होतं, ते वजाबाकी केल्यावर तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात राज्यातल्या विद्यापीठाची अनामत भरली. जूनमध्ये पहिलं बिल आलं, आणि त्यात फी बाहेरच्या राज्याची होती. व्हिसाचा प्रकार बघून मला आंतरराष्ट्रीय गटात टाकलं होतं. एच-फोरच्या मुलांना राज्याची फी लागू होते की नाही हे राज्याराज्यावर आणि कधी कधी विद्यापीठावर अवलंबून असतं. आमच्याकडे लागू होत होती, पण ती आपण कागदांनी सिद्ध करायची होती. बाबांची निळी फाइल बाहेर आली. तीन वर्षांचे कराचे कागद, घराचे कागद, व्हिसामंजुरीची पत्रं, आणि २०१८पासून मी याच राज्यात शिकते आहे हे दाखवणारी सगळी प्रगतिपुस्तकं. सगळ्यात वर बाबांनी ते जुनं, मराठी शाळेचं प्रगतिपुस्तक ठेवलं होतं. ते लागणार नव्हतं. मी ते काढून परत फाइलमध्ये ठेवलं.

पाच आठवडे काहीच कळलं नाही. जुलैच्या मध्यावर दुरुस्त बिल आलं, राज्याच्या फीचं.

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी श्रेयांकांसाठी काम करते, पगारासाठी नाही, कारण पगार घेता येत नाही. एफ-वन विद्यार्थी व्हिसा घेतला तर विद्यापीठाच्या आवारात काम करता येईल, पण मग राज्याचा रहिवासी म्हणून मिळालेली फी जाऊ शकते, म्हणून तूर्त थांबले आहे. एकविसावा वाढदिवस झाला की एच-फोर संपतो आणि बदल करावाच लागेल. निळ्या फाइलमध्ये त्यासाठी बाबांनी एक नवा कप्पा केला आहे आणि वर लिहिलं आहे: ऑगस्ट २०२७.